शिक्षणातलं मेटा-विश्लेषण : त्याचा दर्जा कसा तपासायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एम.एड.चे विद्यार्थी, नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे शिक्षक, केंद्रप्रमुख आणि प्रशिक्षणात 'हे जागतिक संशोधनातून सिद्ध झालंय' असं ऐकून आलेले वर्गशिक्षक यांच्याकडून मेटा-विश्लेषणाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेटा-विश्लेषण म्हणजे नेमकं काय? संबंधित साहित्याचा आढावा तर प्रत्येक प्रबंधात असतोच.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातला आढावा बहुतेक वेळा यादीसारखा असतो. अमुक यांनी हे केलं, तमुक यांना ते आढळलं. कोणते अभ्यास घ्यायचे हे लिहिणारा ठरवतो आणि का घेतले ते सहसा सांगत नाही. पद्धतशीर आढाव्यात शोध कुठे घेतला, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या निकषावर अभ्यास आत आले किंवा बाहेर गेले हे सगळं नोंदवावं लागतं. अशा अभ्यासांचे निकाल एका समान मापात आणून त्यांची भारित सरासरी (अचूक अभ्यासांना जास्त वजन देणारी) काढली आणि ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत हेही मोजलं, की ते मेटा-विश्लेषण होतं.

ही पद्धत शिक्षणक्षेत्राचीच देणगी आहे. जीन ग्लास यांनी १९७६मध्ये अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणात ती मांडली. वैद्यकाने ती नंतर उचलली, पण दर्जाचे नियम मात्र आपल्या कितीतरी आधी कडक केले. शिक्षणातली मेटा-विश्लेषणं वाचताना ही मागे राहिलेली शिस्त सारखी जाणवते आणि त्याचं वाईट वाटतं.

२. परिणाम-आकार ०.४० म्हणजे मुलं ४० टक्क्यांनी पुढे गेली का?

नाही. परिणाम-आकार म्हणजे प्रायोगिक (नवी पद्धत मिळालेला) आणि नियंत्रित (न मिळालेला) या दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप. समजा गणिताच्या कसोटीत प्रमाण विचलन १५ आहे. मग ०.४० म्हणजे प्रायोगिक गटाची सरासरी नियंत्रित गटापेक्षा ६ गुणांनी जास्त. गुणांची वाटणी घंटाकृती असेल, तर नियंत्रित गटातल्या मधल्या मुलाच्या पुढे प्रायोगिक गटातली ५० ऐवजी सुमारे ६६ टक्के मुलं दिसतील.

भाजक बदलला की उत्तर बदलतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. तेच ६ गुण, पण वर्ग निवडक असल्यामुळे प्रमाण विचलन १० असेल, तर परिणाम-आकार ०.६० होतो. अध्यापन तेच, शिकणं तेच, आकडा मात्र दीडपट. म्हणूनच एका तुकडीवर झालेला अभ्यास आणि अख्ख्या जिल्ह्याच्या नमुन्यावर झालेला अभ्यास यांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

३. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. हेच प्रमाण वापरायचं ना?

हे जेकब कोहेन यांनी दिलेले ढोबळ टप्पे आहेत आणि दुसरा काहीच आधार नसेल तेव्हाच ते वापरावेत, असं त्यांचंच म्हणणं होतं. शिक्षणातल्या प्रत्यक्ष हस्तक्षेपांचे आकडे यापेक्षा खूप लहान असतात. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२०मध्ये ७४७ यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचे (कार्यक्रम कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेल्या प्रयोगांचे) निकाल एकत्र पाहून प्रमाणित कसोट्यांसाठी वेगळे टप्पे सुचवले : ०.०५पेक्षा कमी तो लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, ०.२० किंवा जास्त तो मोठा. इंग्लंड-अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांनी पैसा पुरवलेल्या १४१ चाचण्यांची सरासरी तर अवघी ०.०६ आली, ते विश्लेषण २०१९मधलं.

त्यामुळे एखादं मेटा-विश्लेषण शालेय संपादणुकीवर सरासरी ०.९० सांगत असेल, तर आनंद होण्याआधी प्रश्न ५ वाचा.

४. वेगवेगळ्या इयत्ता, विषय आणि देशांमधले अभ्यास एकत्र करणं मुळात योग्य आहे का?

सफरचंदं आणि संत्री एकत्र मोजता, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे. ग्लास यांचं उत्तर असं, की फळांविषयीच बोलायचं असेल तर त्यात चूक काय? उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. फळांविषयी बोलतोय हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि निष्कर्षही फळांपुरताच ठेवावा लागतो.

याचं उत्तम उदाहरण वर्गाच्या पटसंख्येवरचं आहे. ग्लास आणि स्मिथ यांनी १९७९मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून पट कमी झाला की संपादणूक वाढते असा ठळक आलेख मांडला. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी मूळ अभ्यास उघडून पाहिले तेव्हा नियंत्रण चांगलं असलेले अभ्यास मोजकेच निघाले. आलेखाचा सगळ्यात चढा भाग एकास एक किंवा एकास तीन अशा शिकवणीवर उभा होता, आणि त्या मोजक्या अभ्यासांत एक चक्क टेनिस शिकवण्याचा होता. चाळीसच्या वर्गाचे तीस केले तर काय होईल, हे विचारणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्याला त्या आलेखातून काहीच मिळत नाही. त्यासाठी टेनेसी राज्यातला 'स्टार' प्रयोगच जास्त उपयोगी ठरला : १९८५ ते १९८९, ७९ शाळा, मुलं आणि शिक्षक दोघांचीही वर्गांत यादृच्छिक वाटणी.

मेटा-विश्लेषण हाती आलं की समाविष्ट अभ्यासांचा तक्ता आधी काढा. त्यातले पाच-सहा अभ्यास तुमच्या प्रश्नाचेच आहेत का, हे पंधरा मिनिटांत कळतं. तक्ताच दिलेला नसेल, तर त्या लेखाबद्दलचं माझं मत तिथेच ठरतं.

५. मूळ अभ्यासच कमकुवत असतील तर त्यांची सरासरी काढून काय साधतं?

काहीच साधत नाही. उलट तोटा होतो, कारण खूप अभ्यास एकत्र केल्यावर विश्वास-अंतराल (खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं तो पट्टा) अरुंद दिसतो आणि चुकीचं उत्तर पक्कं वाटू लागतं. अभ्यासांची संख्या वाढली की योगायोगाने आलेली चूक कमी होते; सगळ्यांनी एकाच दिशेने केलेली चूक तशीच राहते.

ही एकाच दिशेची चूक किती मोठी असते? ॲलन चुंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६मध्ये ६४५ अभ्यास तपासले. संशोधकाने स्वतः बनवलेली कसोटी वापरली, तर परिणाम-आकार बाहेरच्या कसोटीच्या जवळजवळ दुप्पट. लहान नमुन्यांचे मोठ्या नमुन्यांच्या तुलनेत तेच. प्रकाशित लेखांचे अप्रकाशित अहवालांच्या तुलनेतही तेच. शिकवण्याच्या पद्धतीबद्दल या तिन्ही गोष्टी काहीच सांगत नाहीत.

आपल्याकडच्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रायोगिक अभ्यासांचा नेहमीचा साचा आठवा. एक शाळा, दोन तुकड्या, प्रत्येकी चाळीस मुलं, सहा आठवड्यांचा कार्यक्रम, शिकवणारी संशोधकच, आणि त्याच घटकावर बेतलेली स्वनिर्मित कसोटी. प्रायोगिक तुकडीला ते प्रश्न ज्या पद्धतीने सरावात आले त्याच पद्धतीने कसोटीत येतात, नियंत्रित तुकडीला मात्र नवे असतात. यात कुणाचा अप्रामाणिकपणा नसतो. विद्यार्थिनीने मनापासून कष्ट केलेले असतात. पण असे चाळीस अभ्यास गोळा केले तर मोठा परिणाम-आकार जवळपास ठरलेलाच असतो.

यात आणखी एक अडचण दडलेली आहे. दोन अख्ख्या तुकड्यांची तुलना केली की ती ऐंशी स्वतंत्र मुलांची तुलना राहत नाही. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक तोच, वातावरण तेच, म्हणून त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. या सारखेपणाचं माप, म्हणजे वर्गांतर्गत सहसंबंध, ०.२० धरला, तर चाळीसच्या वर्गासाठी फुगवट्याचा गुणक १ + ३९ × ०.२० = ८.८ येतो. ऐंशीला ८.८ने भागलं, की ऐंशी मुलांच्या अभ्यासात माहिती साधारण नऊ स्वतंत्र मुलांइतकीच असते. मेटा-विश्लेषण करणाऱ्याने ही दुरुस्ती केली नाही, तर अशा अभ्यासांना हक्कापेक्षा कितीतरी जास्त वजन मिळतं. लेखात 'गटवार वाटणीसाठी दुरुस्ती' अशा अर्थाचं वाक्य शोधा. शिक्षणाच्या लेखांत ते बऱ्याचदा सापडत नाही.

एकगट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी अभ्यासांची गोष्ट आणखी वेगळी. त्यात नियंत्रित गटच नसल्यामुळे मुलं एरवीही जे शिकली असती ते सगळं कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतं. अमेरिकेतल्या प्रमाणित कसोट्यांवर पहिली ते दुसरी या एका वर्षात वाचनातली नैसर्गिक वाढच सुमारे ०.९७ प्रमाण विचलन असते. असे अभ्यास दोनगट अभ्यासांमध्ये मिसळून एकच सरासरी काढलेली दिसली, तर ती सरासरी बाजूला ठेवा.

६. अपयशी प्रयोग छापलेच जात नाहीत म्हणतात. ते खरं आहे का?

खरं आहे, आणि ते मोजलंही गेलं आहे. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९मध्येच टेबलाच्या खणात पडून राहणाऱ्या निकालांचा प्रश्न मांडला होता. शिक्षणातला सगळ्यात बोलका पुरावा २०१३चा आहे. टेरी पिगॉट आणि सहकाऱ्यांनी ७९ पीएच.डी. प्रबंध घेतले आणि त्यांच्यावर आधारित छापील लेखांशी ते ताडून पाहिले. प्रबंधात असलेले, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ (निव्वळ योगायोग नाही असं म्हणण्याइतके ठळक) न ठरलेले निकाल लेखातून गळण्याची शक्यता सार्थ निकालांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे अभ्यास छापला गेला तरी त्यातला नको असलेला भाग वाटेत गळतो.

म्हणून चांगल्या मेटा-विश्लेषणात प्रबंध, संस्थांचे अहवाल आणि परिषदांतले निबंधही शोधलेले असतात. 'दर्जा राखण्यासाठी आम्ही फक्त समकक्ष-परीक्षित (तज्ज्ञांनी तपासून छापलेले) लेख घेतले' हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण त्याने दर्जा वाढत नाही, प्रकाशन-पक्षपात वाढतो. मराठी प्रबंधांसाठी प्रश्न १५ पाहा.

७. फनेल प्लॉट सममित आहे आणि एगर चाचणीही सार्थ नाही. मग पक्षपात नाही असं लिहू का?

लिहू नका. फनेल प्लॉट म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा परिणाम-आकार त्याच्या अचूकतेसमोर मांडणारा आलेख, आणि एगर चाचणी त्याची असममिती तपासते. अभ्यास दहापेक्षा कमी असतील तर या चाचणीत दम नसतो. ती सार्थ न येणं म्हणजे काहीच न कळणं. उलट बाजूही आहे. प्लॉट असममित दिसला तरी कारण दरवेळी पक्षपातच असतं असं नाही, कारण लहान अभ्यासांत कार्यक्रम खरोखरच जास्त काळजीने राबवलेला असू शकतो.

आणखी एक इशारा : 'हा निष्कर्ष पुसायला ३,००० शून्य-निकालाचे अभ्यास लागतील' अशी जुन्या पद्धतीची आकडेमोड आजही दिसते. तिच्यावर विसंबू नका. दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी दुरुस्त केलेली सरासरी दिली असेल आणि त्या साधारण जुळत असतील, तर त्याला वजन आहे.

८. 'आय-वर्ग ८७ टक्के' म्हणजे चांगलं की वाईट?

दोन्ही नाही. अभ्यासांच्या निकालांत दिसणाऱ्या फरकापैकी किती वाटा योगायोगाबाहेरचा आहे, एवढंच तो सांगतो. फरक किती मोठा आहे हे तो सांगत नाही. मोठ्या नमुन्यांचे अभ्यास असतील तर किरकोळ फरकानेही तो ९० टक्क्यांवर जातो.

वाचकाला उपयोगी पडतं ते भाकित-अंतराल, म्हणजे पुढच्या ठिकाणी परिणाम ज्या पट्ट्यात पडेल तो पट्टा. समजा सरासरी ०.४० आणि अभ्यासा-अभ्यासातलं खरं प्रमाण विचलन ०.३० आहे. मग पुढच्या एखाद्या शाळेत हा कार्यक्रम राबवल्यावर अपेक्षित परिणाम साधारण उणे ०.२० ते अधिक १.०० यांच्यात कुठेही असू शकतो. सरासरी गोड, पण तुमच्या शाळेत उलटा परिणामही शक्य. प्रत्याभरणावरचं (फीडबॅकवरचं) क्लुगर आणि डेनिसी यांचं १९९६चं विश्लेषण याचा नमुना आहे : ६०७ परिणाम-आकार, सरासरी ०.४१, आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त उणे. मुलाला काय सांगता, कामाबद्दल सांगता की त्याच्याबद्दल, यावर सगळं अवलंबून होतं. प्रशिक्षणात मात्र फक्त '०.४१' पोचतं. ज्या लेखात भाकित-अंतराल नाही, त्याने अर्धीच गोष्ट सांगितली असं समजा.

९. एका अभ्यासातून बरेच परिणाम-आकार मिळतात. सगळे घ्यायचे की एक?

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी कार्यक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन मूलभूत वाचन-गणित शिकवत. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी त्याचं यादृच्छिक मूल्यमापन २००७मध्ये प्रसिद्ध केलं. पहिल्या वर्षी परिणाम ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८, आणि कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर जवळपास ०.१०. त्याच लेखात वडोदऱ्यातल्या संगणकाधारित गणित कार्यक्रमाचा दुसऱ्या वर्षीचा ०.४७ हा आकडाही आहे.

आता एक आढावाकार यातून ०.२८ उचलेल, दुसरा ०.१०. चूक दोघांचीही नाही, पण नियम आधी लिहून ठेवलेला नसेल तर कोणता आकडा का निवडला हे कळायला मार्ग राहत नाही. सगळे आकडे घेऊन ते स्वतंत्र अभ्यास असल्यासारखे मोजणं मात्र उघड चूक आहे. एकाच अभ्यासातले आकडे एकमेकांशी जोडलेले असतात हे धरून हिशेब करण्यासाठी २०१०पासून हेजेस, टिप्टन आणि जॉन्सन यांची दृढ-प्रचरण पद्धत उपलब्ध आहे, बहुस्तरीय प्रतिमानंही आहेत. आज छापल्या जाणाऱ्या लेखात यांपैकी काहीच नसेल, आणि अभ्यास ३० पण परिणाम-आकार २०० असतील, तर तो दोष गंभीर धरा.

१०. एकाच विषयावरची दोन मेटा-विश्लेषणं उलट निष्कर्ष काढतात. विश्वास कुणावर ठेवायचा?

आधी दोघांची समाविष्ट अभ्यासांची यादी शेजारी ठेवा. विकसनशील देशांत मुलांचं शिक्षण कशाने सुधारतं यावर सहा आढावे निघाले होते. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी ते ताडून पाहिले. सहा आढाव्यांत मिळून २२७ अभ्यास होते आणि सहाही आढाव्यांत आलेले फक्त तीन. बहुसंख्य अभ्यास एकाच आढाव्यात होते. मग शिफारशी वेगळ्या आल्या यात नवल नाही. शिवाय वर्गवारीही वेगळी. बालसखीला कुणी शिकवणी म्हणेल, कुणी कंत्राटी शिक्षक, कुणी पातळीनुसार अध्यापन. ज्या खान्यात टाकाल त्या खान्याची सरासरी वर जाते.

यादी सारखी असूनही उत्तर बदलू शकतं. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २०००मध्ये ध्वनी-अक्षर पद्धतीच्या वाचन-अध्यापनाचा परिणाम ०.४१ सांगितला. तीन वर्षांनी ग्रेगरी कॅमिली आणि सहकाऱ्यांनी जवळपास तेच अभ्यास पुन्हा संकेतांकित केले (त्यांचे तपशील ठरावीक तक्त्यात नोंदवले), त्यात नियंत्रित गटाला नेमकं काय शिकवलं होतं हेही नोंदवलं, आणि ०.२४ मिळाला. पद्धत उपयोगी आहे हे दोघांनाही मान्य. किती, यावर मतभेद. आणि 'किती' हेच तर धोरण ठरवणाऱ्याला हवं असतं.

वाढत्या मनोवृत्तीच्या (ग्रोथ माइंडसेट, म्हणजे क्षमता प्रयत्नाने वाढते हा विश्वास रुजवणाऱ्या) कार्यक्रमांवर २०२३मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच खंडात दोन मेटा-विश्लेषणं आली. एकाने ६३ अभ्यासांची सरासरी ०.०५ काढून दर्जेदार अभ्यासांत ती आणखी घसरते असं दाखवलं. दुसऱ्याने सरासरीपेक्षा विषमतेवर (अभ्यासा-अभ्यासातल्या फरकावर) भर दिला आणि ज्या मुलांना गरज जास्त त्यांना फायदा दिसतो असं मांडलं. दोन्ही नीट वाचली तर ती भांडण वाटतात तितकी दूर नाहीत : कुणासाठी, हा प्रश्न एकाने शेवटी विचारला, दुसऱ्याने आधी.

११. हॅटी यांच्या यादीतला ०.४०चा निकष प्रशिक्षणात सर्रास वापरतात. आणि 'पाच महिन्यांची प्रगती' वगैरे?

जॉन हॅटी यांनी २००९मध्ये ८००हून जास्त मेटा-विश्लेषणं एकत्र करून १३८ घटक क्रमाने लावले आणि ०.४०च्या वर ते लक्ष देण्याजोगं असं सुचवलं. शिक्षकाचं लक्ष परिणामाकडे वळवलं, हे त्या कामाचं मोठं श्रेय आहे आणि ते नाकारू नये. पण क्रमवारी म्हणून ती वापरता येत नाही. काही घटकांमागे यादृच्छिक चाचण्या आहेत, काहींमागे नुसते सहसंबंध, काहींमागे एकगट वाढ. प्रश्न ५मधल्या सगळ्या चुका एका स्तंभात उतरल्या आहेत. त्या आवृत्तीत संभाव्यतेचे काही आकडे चक्क शून्याखाली छापले गेले होते, आणि ते नॉर्वेतल्या अभ्यासकाने दाखवून देईपर्यंत जगभर पुस्तक वापरलं जात होतं. मेटा-विश्लेषणांचंही पुन्हा मेटा-विश्लेषण केलं की मूळ वर्गखोली किती दूर जाते, हे त्यावरून दिसतं.

परिणाम-आकाराचं महिन्यांच्या प्रगतीत रूपांतर इंग्लंडच्या एज्युकेशन एन्डॉवमेंट फाउंडेशनने रूढ केलं. शिक्षकांना ते पटकन कळतं, पण वार्षिक वाढ इयत्तेप्रमाणे बदलते. वाचनात पहिली-दुसरीत ०.९७ असलेली वाढ पाचवी-सहावीत ०.३२ आणि अकरावी-बारावीत ०.०६वर येते. तोच परिणाम-आकार दुसरीत काही आठवड्यांचा आणि बारावीत काही वर्षांचा ठरेल. जमेची बाजू अशी, की त्याच संस्थेने आपला पुराव्यांचा संच २०२१मध्ये नव्याने बांधताना इतरांच्या सरासऱ्यांवर विसंबण्याऐवजी मूळ अभ्यास एकेक करून संकेतांकित केले.

१२. प्रिझ्मा पाळलं म्हणजे दर्जा आला ना?

नाही. प्रिझ्मा ही अहवाल कसा लिहावा याची २७ बाबींची यादी आहे. कमकुवत काम प्रामाणिकपणे लिहिलं तरी यादी पूर्ण होते. पद्धतीचा दर्जा जोखायला ॲमस्टार-२ आहे : १६ प्रश्न, त्यातले सात कळीचे. ते आरोग्यासाठी बनलं, तरी आराखड्याची पूर्वनोंदणी, सर्वंकष शोध, वगळलेल्या अभ्यासांची कारणं आणि मूळ अभ्यासांतल्या पक्षपाताची दखल हे त्याचे प्रश्न शिक्षणाला तसेच लागू पडतात. एक सावधगिरी : सोळा प्रश्नांचे गुण मिळवून बेरीज करू नका. कळीचा एक प्रश्न चुकला तर बाकीचे पंधरा त्याची भरपाई करत नाहीत, आणि साधन बनवणाऱ्यांनीही बेरीज करू नका असंच सांगितलं आहे.

पूर्वनोंदणीसाठी वैद्यकातली प्रॉस्पेरो नोंदवही शिक्षणाचे विषय आरोग्याशी संबंध असल्याशिवाय घेत नाही. ओपन सायन्स फ्रेमवर्कवर विनामूल्य नोंदणी होते; कॅम्पबेल कोलॅबोरेशनकडे आढावा द्यायचा असेल तर आराखडा आधी छापून घेतात.

१३. नामांकित नियतकालिकात आलंय, तरी तपासायचं?

हो. २०१२मध्ये शिक्षणातल्या ५६ मेटा-विश्लेषणांची तपासणी झाली तेव्हा प्रश्नाची मांडणी बऱ्यापैकी चांगली, पण अभ्यासांचं मूल्यमापन आणि विश्लेषण या टप्प्यांवर उणिवा आढळल्या. नाव पाहून तपासणी टाळू नका.

१४. वेळ कमी आहे. कोणती एक चूक मी स्वतः पकडू शकतो?

सगळ्यात मोठे दोन-तीन परिणाम-आकार शोधा आणि त्यांचे मूळ लेख उघडा. मूळ लेखात छापलेली प्रमाण त्रुटी (सरासरी किती अचूक आहे त्याचं माप) ही प्रमाण विचलन समजून भागाकार केलेला असतो, ही चूक वारंवार सापडते. गटात २५ मुलं असतील तर प्रमाण त्रुटी विचलनाच्या एक पंचमांश असते, म्हणजे परिणाम-आकार पाचपट फुगतो. खरा ०.५०, छापलेला २.५०. शालेय संपादणुकीवर २च्या वरचा कोणताही आकडा दिसला की आधी हीच शंका घ्या.

१५. मराठीतले प्रबंध मेटा-विश्लेषणात घेता येतात का? घ्यावेत का?

जरूर घ्यावेत. महाराष्ट्रातल्या वर्गांबद्दल बोलायचं आणि फक्त इंग्रजी लेख घ्यायचे, हे मला पटत नाही. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा संग्रहात मिळतात. एम.एड.चे लघुप्रबंध मात्र बहुधा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊनच पाहावे लागतात.

शोध घेताना अडचण येते ती अक्षरांची. जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. 'संपादणूक' असा शब्द टाकला तर मजकुरातून काहीच हाती लागत नाही. त्यामुळे शीर्षकांची यादी विद्यापीठनिहाय, विभागनिहाय हाताने चाळावी लागते. शब्दांची विविधताही पाहा : संपादणूक, संपादन, शैक्षणिक प्रगती, परिणामकारकता, परिणाम, उपयुक्तता, अध्यापन प्रतिमान, अध्यापन पद्धती, उपक्रम. हाताने चाळलं हे पद्धतीच्या प्रकरणात तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

सरासरी आणि 'टी' मूल्य दिलंय पण प्रमाण विचलन नाही, असं खूपदा होतं. दोन स्वतंत्र गटांची तुलना असेल तर 'टी' मूल्य आणि दोन्ही गटांची संख्या यावरून परिणाम-आकार काढता येतो. मात्र तो 'टी' सहसंबंधित गटांचा (उदा. तीच मुलं दोनदा मोजलेली) असेल, तर तेच सूत्र वापरू नका, आकडा फुगतो. लहान गटांसाठी हेजेस यांची दुरुस्ती लावा. प्रत्येकी दहा मुलं असतील तर ती परिणाम-आकार सुमारे ४ टक्क्यांनी कमी करते.

१६. शोध घेऊन पाचच अभ्यास मिळाले. मेटा-विश्लेषण करू का?

संख्या आड येत नाही, दोन अभ्यासांचंही करता येतं. अडचण अशी, की पाच अभ्यासांवरून विषमता नीट मोजता येत नाही आणि उपगटांची तुलना तर करूच नये. ते पाच अभ्यास एकाच प्रश्नाचे असतील तर सरासरी द्या, सोबत प्रत्येक अभ्यास स्वतंत्रपणे वर्णन करा. प्रश्न वेगळे असतील तर पद्धतशीर आढावा लिहून थांबा. मार्गदर्शक 'संख्याशास्त्र कमी पडतंय' म्हणाले, तर त्यांना हेच कारण सांगा.

१७. माझ्या विषयावर चांगले अभ्यास दोन आणि कमकुवत चाळीस आहेत. कमकुवत वगळू की ठेवू?

यावर जाणकारांतही जुना वाद आहे. ग्लास यांचं म्हणणं, सगळे घ्या आणि दर्जाचा परिणाम होतो का ते आकड्यांतून पाहा. स्लाव्हिन यांनी १९८६मध्ये सर्वोत्तम-पुरावा संश्लेषण मांडलं : निकष आधी ठरवा, त्यात बसतील तेवढेच घ्या, आणि प्रत्येकाचं सविस्तर वर्णन करा. मी स्लाव्हिन यांच्या बाजूने झुकते, कारण चाळीस अभ्यासांची एकाच दिशेची चूक कोणतंही प्रतिमान पूर्ण धुऊन काढू शकत नाही. शिवाय यादृच्छिक-परिणाम प्रतिमानात (प्रत्येक अभ्यासाचा खरा परिणाम वेगळा असू शकतो असं धरणाऱ्या हिशेबात) लहान अभ्यासांचं वजन तुलनेने वाढतं, म्हणजे जे कमकुवत तेच सरासरी ओढून नेतात.

पण निकष निकाल पाहून ठरवला, तर वगळणं हाच नवा पक्षपात होतो. म्हणून वगळण्याचा नियम शोध सुरू करण्याआधी लिहून नोंदवा : नियंत्रित गट आहे का, सुरुवातीला गट सारखे होते का, कसोटी कुणाची, किती मुलं मध्येच गळली. दर्जाची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करावी, आणि करताना निकालाचं पान झाकलेलं असावं. मग मुख्य सरासरी दोन अभ्यासांची द्या, बेचाळीसची शेजारी द्या, आणि दोन्हींतला फरक तक्त्याच्या तळाशी न ठेवता सारांशात लिहा.